एल्डरस्टोकची वहिवाट

“तपकिरी झगे ब्रूक स्ट्रीटच्या मुलांना दे, इंदू. मखमलीचे दुसऱ्या शाळेसाठी ठेवलेत.”

फिलिपाने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मी पेटीतून दोन झगे काढून घड्या उलगडल्यासुद्धा. मग हातातल्या कापडाकडे नीट पाहिलं. ताग होता. बटाट्याच्या पोत्याला डोकं आणि हात घालायला भोकं पाडावीत, तसा तो झगा होता.

“सगळ्यांना हेच?” मी विचारलं.

“सगळ्यांना. मेजवानी आहे म्हटल्यावर कुणीतरी वाढायला हवं ना?”

“मग निम्मे वाढपी या शाळेचे, निम्मे त्या शाळेचे करू. मुलांना मजा येईल.”

“डार्लिंग, ती दुसरी शाळा मेजवानीसाठी म्हणूनच आली आहे. ब्रूक स्ट्रीटची मुलं नगरपालिकेच्या मोफत योजनेतून येताहेत. आणि खरं सांगू? त्या काळी असंच होतं. काही जण जेवायचे, काही जण वाढायचे. इतिहास शिकवायचा तर खरा शिकवावा.”

इतिहास कसा शिकवावा हे ती मला सांगत होती. मिरजेच्या शाळेत माझं सगळं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं होतं. पण फिलिपा त्या घराची व्यवस्थापक होती आणि मी गुरुवारी येणारी, विनावेतन काम करणारी एक म्हातारी. मी झगे मोजायला घेतले.

हे सारं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. मी मराठीत सांगते आहे. निवृत्तीनंतर काही वर्षं मी लेकीकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहत होते. तिथून जवळच एल्डरस्टोक नावाच्या खेड्यात चौदाव्या शतकातलं एक जहागिरीचं घर आहे. लोकरीच्या व्यापारात वर आलेल्या कुणा माणसाने जमीन घेतली, स्वतःला जहागीरदार म्हणवून घेतलं आणि मधाच्या रंगाच्या दगडात हे घर बांधलं. भोवती खंदक. खंदकात आता बदकं. भेटीला येणाऱ्या शाळांच्या मुलांना घर दाखवायचं, हे माझं काम. लेकीने सुरुवातीलाच बजावलं होतं, “आई, तिथे जाऊन कुणाला शिस्त लावू नकोस हं. ती तुझी शाळा नाही.”

मला ते घर फार आवडायचं, कारण ते मुलांना शिकवायला सोपं होतं. त्याचा जीव म्हणजे एक मोठं दालन. दोन मजल्यांइतकं उंच, वर माळा नाही, थेट छपराच्या तुळया दिसतात. त्या तुळया काळ्याभोर आहेत. मी मुलांना विचारायची, “काळ्या का असतील?” कुणी म्हणायचं रंग दिला, कुणी म्हणायचं आग लागली. मग मी त्यांना जमिनीच्या मधोमध असलेली दगडी चौकट दाखवायची. धुराडं नव्हतंच तेव्हा. शेकोटी तिथे, दालनाच्या मध्यावर, आणि धूर छपरातल्या झरोक्यातून जमेल तसा बाहेर. “मिस, ते खोकायचे नाहीत?” हा प्रश्न दर वेळी यायचा आणि दर वेळी मला आनंद व्हायचा.

दालनाचं एक टोक दाराचं. तिथे लाकडी आडभिंत, तिच्यामागे दोन खोल्या, एक भाकरीची आणि एक दारूची. वारा तिथून यायचा, नोकर तिथून यायचे, कुत्री तिथून यायची. दुसऱ्या टोकाला एक पायरी उंच चौथरा, मोठी खिडकी आणि मालकाचं मेज. मालक चौथऱ्यावर, मानाचे पाहुणे त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि मग माणसं जसजशी कमी मानाची, तसतशी शेकोटीच्या पलीकडे, दाराकडे सरकत जायची. सगळं घर म्हणजे दगडात बांधलेली एक पंगत होती. पंगतीत कोण कुठे बसतं आणि का, हे मिरजेत वाढलेल्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

चौथऱ्याच्या कोपऱ्यात एक लहानसं दार आहे. त्यातून गोल फिरत जाणारा अरुंद जिना माडीवर, मालकाच्या खाजगी खोलीत जातो. ब्रूक स्ट्रीटच्या मुलांचा सगळा जीव त्या जिन्यात अडकला होता, आणि त्याला कारण मी होते.

ती शहरातल्या बंद पडलेल्या मोज्यांच्या गिरण्यांमागची शाळा. भेटीआधीचे काही बुधवार मी त्यांच्या वर्गात जाऊन आले होते. पुठ्ठ्याचं घर केलं होतं, छप्पर उचलता येईल असं. दालनात सगळं मांडलं होतं: मेजं, बाकं, शेकोटीला लाल कागद. माडी मात्र मी मुद्दाम रिकामी ठेवली. “वर काय आहे ते पुठ्ठ्यात नाही बघायचं. तिथे जाऊन बघायचं.”

पुढच्या बाकावर झरीन नावाची मुलगी बसायची. दहा वर्षांची, किरकोळ अंगाची, आणि शंका आली की ती पूर्ण फिटेपर्यंत न सोडणारी. अशी मुलं वर्गात असली की शिकवणाऱ्याला दमायला होतं आणि घरी जाताना बरं वाटतं.

“मिस, वर नक्की जाऊ देतील?”

“देतील की. सगळ्या शाळा जातात.”

“आम्हालापण?”

“तुम्हालापण.”

मागून डॅरन ओरडला, “मिसेस जोग, तुम्ही रोज सकाळी जॉगिंग करता का?” वर्ग खिदळला. डॅरन वर्गातला विदूषक. मी म्हटलं, “करते. तुझ्याच मागे धावायची सवय व्हावी म्हणून.” असे आमचे संबंध होते.

त्या गुरुवारी मुलं बसमधून उतरली ती आधी केस विंचरून, मग अंगावर ती पोती चढवून दालनात आली. झरीनच्या पायात नवे चंदेरी बूट होते, ईदला घेतलेले. झग्याखालून ते चमकत होते. दुसरी शाळा सकाळीच आली होती. त्यांची मुलं जांभळ्या-लाल मखमलीत चौथऱ्यावर बसली होती. मधल्या उंच खुर्चीत मालक म्हणून बसला होता निहार. त्याची आई डॉक्टर, आमच्या मराठी मंडळात यायची. गणपतीत मोदक खाताना मला “आजी” म्हणणारा हा मुलगा आज डोक्यावर सोनेरी कागदाची पट्टी लावून अवघडून बसला होता. त्याने मला पाहून हात हलवला आणि लगेच, मालकाने असं करायचं नसतं हे आठवून खाली घेतला.

मी मुलांना नेहमीसारखं शेकोटीपासून सुरू करून चौथऱ्यापर्यंत आणलं. “आणि आता,” मी म्हटलं, “जिना.”

जिन्याच्या दाराला दोरी बांधलेली होती. दोरीपुढे फिलिपा.

“माडी आज बंद आहे, मुलांनो. वरची जमीन फार जुनी आहे ना! पण खाली कित्ती गंमत आहे!”

मी तिला बाजूला घेतलं. “सकाळी तर उघडी होती. ती मुलं वर जाऊन आलीत.”

“त्यांच्याबरोबर मी होते.”

“यांच्याबरोबर मी आहे. आणि त्यांचे सर आहेत.”

तिने आवाज खाली आणला. “इंदू, ही मुलं वस्तूंना हात लावतात. मागे अशाच एका शाळेने…”

“अशाच म्हणजे?”

“तुला कळतंय मला काय म्हणायचंय.”

“नाही कळत. सांग.”

ती हसली. मला ते हसू अजून दिसतं. त्यात राग नव्हता, लाज नव्हती. हट्ट करणाऱ्या पोराला चॉकलेट देऊन गप्प करतात, तसं ते हसू होतं. “आपण नंतर बोलू,” ती म्हणाली आणि टाळ्या वाजवून मेजवानी सुरू झाल्याचं जाहीर केलं.

मी मिस्टर प्राइसकडे गेले. ओवेन प्राइस हे ब्रूक स्ट्रीटचे वर्गशिक्षक, तिशीतले, वेल्सकडचे, कायम झोप अपुरी झाल्यासारखे दिसणारे. “तुम्ही काही बोला ना,” मी म्हटलं.

“जाऊ द्या, मिसेस जोग. आत्ता वाद घातला तर पुढच्या वर्षी बोलावणारच नाहीत. मुलांचा दिवस खराब नको व्हायला.”

“दिवस खराब झालाय, सर. मुलांना अजून कळलेलं नाही, एवढंच.”

त्यांनी बुटांकडे पाहिलं. मला त्यांचाही राग आला. फिलिपाचं समजू शकत होते. पण शिक्षकाने बुटांकडे पाहावं?

मेजवानी सुरू झाली. ब्रूक स्ट्रीटची मुलं दाराच्या टोकाकडून पावाच्या टोपल्या आणि सफरचंदाच्या रसाचे पेले घेऊन चौथऱ्यावर वाढायला जायची, वाकायची, परत यायची. पहिल्यांदा त्यांना गंमतच वाटली. डॅरन तर इतका खाली वाकला, की त्याचं कपाळ मेजावर आपटलं. “महाराज, आपला पाव. कालचाच आहे, पण प्रेमाने आणलाय.” चौथऱ्यावरची मुलं खो खो हसली. पण त्यांचं खाणं लांबत गेलं, आणि ही मुलं आडभिंतीपाशी जमिनीवर बसून बघत राहिली, तसतसं ते हसणं विरत गेलं. कुणीतरी विचारलं, “मिस, आमचं कधी?” फिलिपाने दुरून सांगितलं, “मालकांचं झालं की! तेव्हा असंच असायचं.”

झरीनने हात वर केला. दोन्ही चंदेरी बूट जवळ घेऊन ती सरळ उभी राहिली.

“मिस, जमीन जुनी आहे म्हणून आम्ही वर जायचं नाही. मग सकाळी हे सगळे वर होते तेव्हा ती नवी होती का?”

डॅरनने शिट्टी वाजवली. फिलिपाचं हसू जरासुद्धा हललं नाही.

“वा! तोंडाळ मुलगी! मालकांच्या घरात तोंडाळ नोकर असले की काय व्हायचं माहीत आहे? आणा रे तो!”

मदतनीसांनी बाहेरून खोडा आणला. दोन फळ्या, मध्ये मान आणि मनगटं अडकवायला भोकं. मेजवानीच्या शेवटी दरबार भरायचा, कुणाला तरी चोर ठरवून खोड्यात घालायचं आणि बाकीच्या मुलांनी ओले स्पंज फेकायचे, हा नेहमीचा खेळ होता. नेहमी त्यासाठी हौशी मुलांची झुंबड उडायची. आजही अर्ध्या वर्गाचे हात वर गेले. “मी! मी!” डॅरन तर मान पुढे काढून उभाच राहिला.

“नाही, नाही,” फिलिपा म्हणाली. “आम्हाला आमचा चोर मिळाला.” आणि तिने झरीनच्या खांद्यावर हात ठेवला. “हिने स्वयंपाकघरातून पाव चोरला. मालक, हिला शिक्षा सांगा!”

झरीन रडली नाही. तिने फक्त झगा ओढून बूट झाकले.

स्पंजांची बादली चौथऱ्यावर ठेवली गेली. सगळे निहारकडे बघू लागले. त्याच्या हातात दोन ओळींचा कागद होता, तो काही त्याच्याने वाचवेना. त्याने मान वळवून मला शोधलं आणि सगळ्यांसमोर सरळ मराठीत विचारलं, “आजी, मी नाही केली शिक्षा तर चालेल का?”

“चालेल, बाळा,” मी म्हटलं. “मुळात तो तुझा अधिकारच नाही.”

आणि मग मी इंग्रजीत, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हटलं, “फिलिपा, थांब. हा दरबार चुकीचा चाललाय. आपल्याला इतिहास खरा शिकवायचा आहे ना?”

“इंदू, आपल्याला वेळ…”

“मुलांनो, या दालनात दरबार खरोखरच भरायचा. दर काही आठवड्यांनी. पण मालक त्यात न्याय द्यायचा नाही. बहुतेकदा तो हजरही नसायचा. त्याचा कारभारी बसायचा. आणि निकाल कारभाऱ्यानेसुद्धा द्यायचा नाही. तो द्यायचे गावातले बारा पंच. शेतात राबणारी, अशीच जाडीभरडी कापडं घालणारी माणसं. ते शपथ घेऊन इथे, दाराच्या या टोकाला उभे राहायचे. आणि मालकाला काय हवंय असं विचारायचे नाहीत. ते विचारायचे, इथली वहिवाट काय? आजवर काय चालत आलंय? वाऱ्याने पडलेली फांदी सरपणाला न्यायची वहिवाट असली, तर मालकालाही ती अडवता यायची नाही.”

“नेहमी न्याय मिळायचा?” झरीनने विचारलं. खांद्यावर अजून फिलिपाचा हात होता.

“नाही. मालक लोक पुष्कळ लबाड्या करायचे. पण पंचांना विचारल्याशिवाय शिक्षा करायची म्हटलं, तर सगळं गाव ओरडायचं.”

दुसऱ्या शाळेच्या बाईंनी चौथऱ्यावरून टाळ्या वाजवल्या. “किती छान! हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. असंच करा ना!”

ही टाळी पडली नसती तर फिलिपाने मला तिथेच गप्प केलं असतं. पण आता ते पाहुण्यांचं म्हणणं होतं. “का नाही!” ती म्हणाली. मी तिला निहारच्या शेजारची खुर्ची दाखवली. “तू कारभारी. तू फक्त ऐकायचंस.” ती बसली.

ब्रूक स्ट्रीटच्या मुलांना आपल्यातले बारा पंच निवडायला वेळ लागला नाही. डॅरनला त्यांनी मुख्य केलं, आणि त्याने ते पद इतक्या गंभीरपणे घेतलं, की मला तो ओळखू येईना.

“पाव चोरताना कुणी बघितलं?” त्याने विचारलं.

कुणी नाही.

“पाव कमी आहे हे कुणी बघितलं?”

कुणी नाही.

“मग हिने चोरला असं कोण म्हणतं?”

“या कागदात लिहिलंय,” निहार चौथऱ्यावरून प्रामाणिकपणे म्हणाला.

सगळं दालन हसलं. मखमलवाले, तागवाले, सगळे. पंचांनी डोकी जुळवायचा देखावा केला आणि डॅरन म्हणाला, “चोर नाही. सोडा.”

“मस्तच!” फिलिपा उठायला लागली.

“बस, कारभारी,” मी म्हटलं. “दरबार उठण्याआधी विचारावं लागायचं. गावाची काही तक्रार आहे का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. वर्गात प्रश्न विचारून गप्प राहणं ही माझी जुनी सवय आहे. उत्तर येईपर्यंत वाट बघायची.

“माझी आहे,” झरीन म्हणाली. “जिन्याबद्दल.”

ती पुढे आली, शेकोटीच्या दगडापाशी थांबली आणि वर निहारकडे बघून म्हणाली, “तुम्ही सकाळी वर गेलात?”

“हो,” निहार म्हणाला.

“सगळे?”

“सगळे.”

“गेल्या वर्षी?”

“गेल्या वर्षी माझा दादा आला होता. तोपण गेला होता.”

डॅरनने घसा खाकरला. “सकाळी वर काही मोडलं का?”

निहारने शेजारी बघितलं. शेजारच्या गोऱ्या, गुबगुबीत मुलाने लगेच छताकडे पाहायला सुरुवात केली.

“टोबी पडद्याला लोंबकळला,” निहार म्हणाला. “दांडी पडली. पण त्यांनी लगेच परत लावली.” त्याने ‘त्यांनी’ म्हणताना फिलिपाकडे बोट केलं.

“फक्त एकदाच लोंबकळलो!” टोबी म्हणाला.

या वेळी पंचांनी खरंच डोकी जुळवली. कुजबुज झाली, कुणीतरी कुणाला तरी ढोसलं. मग डॅरन पुढे आला.

“इथली वहिवाट अशी आहे की शाळा आली की वर जाते. आम्ही शाळा आहोत. म्हणून आम्ही वर जाणार.” तो थांबला. “आणि आम्ही पडद्याला लोंबकळणार नाही.”

फिलिपा उठली. टाळ्या वाजवल्या. “अप्रतिम! किती हुशार मुलं! सगळ्यांसाठी जोरात टाळ्या! बरं का, खेळ संपला. ब्रूक स्ट्रीट, झगे काढा आणि बसकडे चला. तुमचा पाव आम्ही पिशव्यांमध्ये भरून देऊ.”

आयुष्यात मी पुष्कळ अपमान पाहिले आहेत. आमच्या गावातल्या पंगतींमध्ये पाहिलेत, माझ्या स्वतःच्या शाळेत पाहिलेत. पण मुलांना नीट विचार करायला लावायचं, त्यांनी तो केला की टाळ्या वाजवायच्या आणि मग तो केराच्या टोपलीत टाकायचा, याइतकी संतापाची गोष्ट मी पाहिलेली नाही. त्या टाळ्यांनी मुलांना हे शिकवलं असतं की बोलण्याला अर्थ नसतो. नीट बोललात तरी नसतो. मुलं माझ्याकडे बघत होती, आणि मी त्यांना वचन दिलेलं होतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाजूने आवाज आला.

“एकामागे एक रांग करा. जिना अरुंद आहे.”

मिस्टर प्राइस होते. ते चौथऱ्यावर चढले, जिन्याच्या दाराशी गेले आणि दोरीची गाठ सोडू लागले. बोटांची नखं चावायची सवय असल्यामुळे त्यांना ती गाठ पटकन सुटेना.

“मिस्टर प्राइस!” फिलिपा म्हणाली.

“वर्ग माझा आहे,” ते मागे न बघता म्हणाले. “जबाबदारी माझी. झरीन, तू पुढे.”

दोरी सुटली. चंदेरी बूट पहिल्या पायरीवर दिसले आणि वळणाआड गेले. त्यामागे डॅरन, त्यामागे सगळी पोती, शेवटी मिस्टर प्राइस. दुसऱ्या शाळेच्या बाईंनी आपली मुलं घाईघाईने बाहेर हिरवळीवर नेली. निहार जाताना मागे वळून बघत होता.

दालनात आम्ही दोघी उरलो. फिलिपा जिन्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि तिने ते हसू पहिल्यांदा उतरवून ठेवलं.

“तू मुलांना माझ्याविरुद्ध उभं केलंस.”

“मी त्यांना या घराचा इतिहास शिकवला.”

“हे घर म्हणजे तुझ्या रागाचं मैदान नाही, इंदू. तू इथली नाहीस. इथल्या गोष्टींमागची परंपरा तुला नाही कळायची.”

“मी इथली नाही, कबूल. झरीन इथे जन्मली. आणि डॅरनचं काय? त्याच्या घरची माणसं किती पिढ्या या मातीत राबली असतील, कुणास ठाऊक. त्यांच्यातला कुणी या दालनात पंच म्हणून उभा राहिलाही असेल. त्यालाही तू पोतंच दिलंस. तुझी परंपरा नेमकी कुणाची आहे?”

“पुढच्या गुरुवारपासून तू येऊ नकोस.”

“बरं.”

“आणि मी त्या शाळेलाही कळवणार आहे, की पुन्हा…”

“मिस!”

आवाज भिंतीतून आला होता. फिलिपा दचकली. चौथऱ्याच्या वर, खूप उंचावर, भिंतीत तोंड वासलेल्या एका म्हाताऱ्याचा दगडी चेहरा बसवलेला आहे. खालून तो नुसती सजावट वाटतो. त्याचे डोळे मात्र आरपार कोरलेले आहेत. मागे माडी आहे. मालक तिथे उभा राहून, कुणाला न दिसता, खाली कोण किती खातं, कोण कुणाशी काय बोलतं ते बघायचा. त्या दगडी डोळ्यात आता एक काळाभोर जिवंत डोळा हलत होता.

“मिस, इथून सगळं दिसतं! आणि सगळं ऐकू येतं!” झरीन म्हणाली.

“सगळं?” मी विचारलं.

“सगळं. तुम्हाला त्यांनी काढलं ना?”

“हो.”

वर कुजबुज झाली. दुसऱ्या दगडी डोळ्यात डॅरनचा निळा डोळा आला. फिलिपाचा चेहरा गळ्यापासून वरपर्यंत लाल होत गेला. तिने वर पाहिलं, आणि शाळेला कळवायचं वाक्य अर्धंच राहिलं.

घराविषयी मुलांना सांगायचं माझं थोडं राहिलं होतं. ते मी खालूनच पुरं केलं. मालक तिथे का उभा राहायचा, भोकं चेहऱ्यात का लपवली, खालच्या लोकांना ते माहीत असायचं का, सगळं. वरून प्रश्न येत होते, मी उत्तरं देत होते. फिलिपा ऐकत उभी होती.

“अजून काय दिसतं?” शेवटी मी विचारलं.

झरीन म्हणाली, “मिस, इथून सगळे बुटके दिसतात. त्या बाई पण. आणि तुम्हीपण.”

“दिसणारच,” मी म्हटलं. “म्हणून तिथे फार वेळ थांबायचं नसतं. या आता खाली.”

दगडावर पावलं वाजू लागली. फिलिपा अजून दाराशीच होती. मुलं एकेक करून उतरत होती, आणि दार इतकं अरुंद होतं, की प्रत्येक मुलासाठी तिला मागे सरावं लागत होतं.